एमबीबीएसची सीट कुठली घ्यायची? पसंतीक्रमापासून प्रवेशापर्यंत

नीटचा निकाल लागला की घरात पेढे वाटून होतात आणि दुसऱ्याच दिवसापासून एकच प्रश्न सुरू होतो: कुठलं कॉलेज? मावशीचा मुलगा एक सांगतो, क्लासवाले सर दुसरं सांगतात, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी "टॉप टेन"ची यादी टाकतं. मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, आता मेडिसिनची रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिकणारी डॉक्टर, आहे, आणि दर पावसाळ्यात ओळखीतली मुलं आणि त्यांचे आईवडील फोन करून हेच विचारतात. प्रत्येकाला जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: आधी रुग्णालय बघा, मग कॉलेज. डॉक्टर घडतो तो वॉर्डात. बाकी सगळं, म्हणजे फी, अंतर, हॉस्टेल, नाव, त्यानंतर येतं.

1. दोन प्रक्रिया वेगळ्या आहेत हे पक्कं समजून घ्या

पहिली एमसीसीची (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी), म्हणजे केंद्राची. देशभरातल्या सरकारी कॉलेजांमधल्या 15 टक्के जागा, एम्स, जिपमर, केंद्रीय विद्यापीठं आणि सगळी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं यातून भरली जातात. पुण्याच्या एएफएमसीसाठीही (सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय) नोंदणी इथेच करायची, पण त्यांची पुढची निवड चाचणी आणि मुलाखत वेगळी असते.

दुसरी आपल्या राज्याच्या सीईटी सेलची. महाराष्ट्रातल्या सरकारी व महापालिकेच्या कॉलेजांतल्या उरलेल्या 85 टक्के जागा आणि खासगी कॉलेजं यात येतात. राज्य कोट्यासाठी डोमिसाइल लागतंच, शिवाय काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागते. धाकट्या भावंडाला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला पाठवायचा विचार असेल, तर बारावीचा फॉर्म तिथल्या शाळेतून भरण्याआधी हे दहा वेळा वाचा. नंतर काहीच करता येत नाही.

दोन्हीकडे नोंदणी करा. दोन्हीच्या तारखा एकमेकांत घुसतात, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रंगांत लिहून ठेवा. जुनी एक गोष्ट अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही: मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असा 70:30 चा प्रादेशिक कोटा 2020 मध्येच रद्द झाला. आता राज्यभर एकच गुणवत्ता यादी आहे.

2. मागच्या वर्षीचे मार्क बघू नका, रँक बघा

2024 मध्ये पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 मध्ये पेपर इतका कठीण गेला की देशात पहिल्या आलेल्याला 686 मिळाले. त्यामुळे "गेल्या वर्षी मिरजेला इतक्या मार्कांना बंद झालं होतं" या वाक्याला काहीच अर्थ नाही. एमसीसी आणि सीईटी सेल दोघंही फेरीनिहाय निवड याद्या प्रसिद्ध करतात. त्या उतरवून घ्या आणि आपला प्रवर्ग कुठल्या अखिल भारतीय रँकला बंद झाला ते बघा. शेवटच्या फेरीची यादी वेगळी बघा, कारण पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत बराच फरक पडतो. या यादीवरून तीन गट करा: लागलं तर नशीब, लागण्यासारखं, नक्की लागेल असं.

3. पैशाचं आजच बोलून घ्या, सीट लागल्यावर नाही

सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात असते. एम्सची नाममात्र. राज्यातल्या खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती कॉलेजागणिक खूप बदलते. अभिमत विद्यापीठांची बहुतेक ठिकाणी वर्षाला 20 लाखांच्या पुढे, वर हॉस्टेल आणि मेस सक्तीची.

फीचा आकडा वाचताना तीन प्रश्न विचारा. फी साडेचार वर्षांची आहे की पाच वर्षांची? दरवर्षी वाढते की पहिल्या वर्षीचीच कायम राहते? विकास शुल्क, अनामत, परीक्षा, विद्यापीठ यांचे पैसे त्यात धरलेत का? वर्षाला 10 लाख फी असेल तर साडेचार वर्षांचे 45 लाख होतात आणि पाच वर्षांचे 50. हा पाच लाखांचा फरक माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर दिसत नाही.

सवलतींचा हिशेब यानंतर करा. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि प्रवर्गानुसार असलेल्या इतर योजना राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतात. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. एखाद्या मुलीला खासगी कॉलेज आवाक्याबाहेरचं वाटत असेल तर हा हिशेब केल्याशिवाय ते यादीतून काढू नका. मात्र ही सवलत कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या प्रवेशाला आहे. व्यवस्थापन कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत. मला सर्वांत जास्त गोंधळ इथेच दिसतो: घरचे धरून चालतात की मुलीची फी माफ आहे, आणि पसंतीक्रमात अभिमत कॉलेज टाकून मोकळे होतात.

कर्ज काढणार असाल तर बँकेत जुलैतच जाऊन या. साधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात. सातबारा, घराचे कागद, वारसांच्या सह्या यात महिना जातो आणि प्रवेशाला मिळतात चार-पाच दिवस.

आणि कुणी "मॅनेजमेंटची सीट आहे, आधी टोकन द्या" म्हणालं तर फोन ठेवून द्या. कोट्याची सीटसुद्धा नीटच्या गुणवत्तेवर आणि समुपदेशनातूनच मिळते.

4. रुग्णालय स्वतःच्या डोळ्यांनी बघून या

ज्या चार-पाच कॉलेजांमध्ये खरी निवड करायची आहे, तिथे निकाल आणि पसंतीक्रम यांच्या मधल्या दिवसांत जाऊन या. जाताना सोमवार किंवा मंगळवार गाठा, सकाळी नऊला पोचा. मुख्य इमारत, प्रेक्षागृह, लायब्ररी हे फोटोत दिसतंच. तुम्ही थेट केसपेपरच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहा. रांग कुठपर्यंत आहे? लोक कुठून आलेत? बोलून बघा, लोक सांगतात. "आंबाजोगाईहून आलो, तिकडं म्हणले घाटीला न्या" (घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मेडिकल) असं कुणी म्हणालं, तर समजा की त्या रुग्णालयावर लोकांचा भरवसा आहे आणि अवघड केसेस तिथे पोचतात.

मग मेडिसिनच्या किंवा सर्जरीच्या वॉर्डाच्या दारातून आत नजर टाका. चालत्या वॉर्डाची खूण लगेच कळते: लॉकरवर पाण्याची बाटली, डबा, औषधांची पिशवी, खाटेखाली चटई, खिडकीला वाळत घातलेला टॉवेल. मोठ्या सरकारी रुग्णालयांत खाटा भरून जमिनीवरही गाद्या टाकलेल्या असतात. ते बघून आईवडील हबकतात, आणि रुग्णांचे हाल होतात हे खरंच आहे. पण शिकणाऱ्याला तिथे जे बघायला मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. याउलट काही ठिकाणी खाटांची रांग झकपक असते, चादरींची घडीसुद्धा मोडलेली नसते आणि लॉकर कोरे. कागदोपत्री दोन्हीकडे खाटा सारख्याच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या निकषांप्रमाणे 100 जागांच्या कॉलेजला 420 आणि 150 जागांच्या कॉलेजला 605 खाटा लागतात, त्यामुळे खाटांचा आकडा सगळेच दाखवतात. त्या खाटांवर कोण आहे ते तुम्ही बघायचं.

खासगी म्हणजे रिकामं असंही समजू नका. लोणी, कराड, सावंगी इथली मोठी रुग्णालयं आजूबाजूच्या शेकडो खेड्यांना धरून उभी आहेत. सेवाग्रामचं कॉलेज 1969 पासून ग्रामीण भागासाठीच चालवलं जातंय. तिथले नियम वेगळे आहेत, खादी आहे, आश्रमातलं शिबिर आहे, गावात राहणं आहे. ज्याला हे मनापासून पटतं त्याच्यासाठी त्यासारखी जागा नाही, आणि ज्याला पटत नाही त्याने केवळ नावासाठी ते वर टाकू नये.

शेवटी इंटर्न, म्हणजे शेवटचं वर्ष रुग्णालयात काम करणारे विद्यार्थी, शोधा. ते कॅज्युअल्टीच्या बाहेर चहाच्या टपरीवर सापडतात, डोळे तारवटलेले असतात, पण विचारलं तर मोकळेपणाने बोलतात. त्यांना "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नका, "चांगलंय" एवढंच उत्तर येईल. हे विचारा:

- लेबर रूममध्ये स्वतःच्या हाताने डिलिव्हरी करायला मिळाली का, की लांबून बघितली?
- जखमेला टाके कोण घालतं?
- रात्री कॅज्युअल्टीत वरचे डॉक्टर हजर असतात का?
- दुसऱ्या वर्षापासूनच्या क्लिनिकल पोस्टिंगला रोज कुणी शिकवतं का, की हजेरी घेऊन सोडतात?
- स्टायपेंड पूर्ण आणि वेळेवर खात्यात येतो का?

शेवटचा प्रश्न पैशापुरता नाही. 2024 मध्ये राज्यातल्या सरकारी कॉलेजांतल्या इंटर्नचा स्टायपेंड 18 हजार झाला. जी संस्था इंटर्नचे पैसे अडवते ती विद्यार्थ्याच्या इतर हक्कांच्या बाबतीतही तशीच वागते, असा माझा अनुभव आहे.

हॉस्टेलचं पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. पाणी किती तास, खोलीत किती जण, मुलींच्या हॉस्टेलपासून रुग्णालयापर्यंतच्या रस्त्यावर रात्री दिवे आहेत का, पहिल्या वर्षाला खोली नक्की मिळते का. मुंबईत हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. केईएम, सायन, नायर, जे. जे. या रुग्णालयांबद्दल मी काही सांगायची गरज नाही, पण खोली मिळाली नाही तर मुंबईत भाड्याचा खर्च फीच्या वर जातो.

5. जुनं लांबचं, की नवं जवळचं?

गेल्या काही वर्षांत सिंधुदुर्ग, अलिबाग, सातारा, नंदुरबार, धाराशिव, परभणी, रत्नागिरी अशी कॉलेजं आली. 2024 मध्ये आणखी दहा सुरू झाली: नाशिक, जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशीम, अमरावती, भंडारा, गडचिरोली, अंबरनाथ आणि मुंबईतलं जी. टी. रुग्णालयाचं. सुरुवातीला सगळ्यांच्या मिळून 900 जागा. त्यामुळे आता बऱ्याच जणांसमोर हाच पेच असतो: घराजवळचं नवं सरकारी, की लांबचं जुनं सरकारी, की शहरातलं जुनं खासगी?

नव्या कॉलेजची जमेची बाजू मोठी आहे. ती बहुतेक जिल्हा रुग्णालयांना जोडलेली आहेत, आणि सिव्हिलला गर्दी कॉलेज यायच्या आधीपासूनच असते. रुग्ण आहेत, फी सरकारी आहे, जागा कमी असल्याने शिक्षक नावाने ओळखतात.

कमतरता अशी, की पीजी (पदव्युत्तर) रेसिडेंट नसतात किंवा फार थोडे असतात. एमबीबीएसला वॉर्डातलं निम्मं शिक्षण रेसिडेंट देतात. संध्याकाळी सात वाजता प्लीहा कशी तपासायची हे हात धरून दाखवणारा पहिल्या वर्षाचा जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) असतो, प्राध्यापक नाही. शिवाय वरच्या बॅचेस नसल्या की जुनी जर्नल्स, प्रश्नपत्रिका, परीक्षकांच्या सवयी हे सांगणारं कुणी नसतं. इमारत तात्पुरती आणि हॉस्टेल भाड्याचं असू शकतं. शिक्षकांच्या बदल्या आणि प्रतिनियुक्त्या चालू असतात.

माझं मत स्पष्ट आहे. सरकारी जुनं आणि सरकारी नवं यांत जुनं घ्या, मग ते आठ तासांच्या एसटी प्रवासावर का असेना. नागपूरचं मेडिकल आणि मेयो, घाटी, पुण्याचं बी. जे., मिरज, आंबाजोगाई, सोलापूर इथे दशकानुदशकं शिकवण्याची घडी बसलेली आहे. नवं सरकारी आणि महागडं खासगी यांत मात्र मी नवं सरकारी सांगते, कारण 40-50 लाखांचं कर्ज डोक्यावर असलेली मुलं पीजीच्या अभ्यासाला वर्ष देऊ शकत नाहीत. लगेच कमवायला लागतात. फी सवलतीत बसत असेल आणि खासगीचं रुग्णालय भरलेलं असेल तरच हे उलटं होतं.

6. बाँड आणि पीजी: आज लांब वाटतं, पण सही आजच करायची आहे

महाराष्ट्रात सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सामाजिक जबाबदारी सेवा करावी लागते. ती केली नाही तर 10 लाख रुपये भरावे लागतात. मला हा बाँड जाचक वाटत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातलं एक वर्ष खूप शिकवून जातं. पण केंद्राच्या 15 टक्क्यांतून दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथल्या बाँडची वर्षं आणि रक्कम वेगळी असते. ती पसंतीक्रम भरण्याआधी वाचा. एएफएमसीतून बाहेर पडल्यावर तर सैन्यदलात सेवा करणं बंधनकारक आहे. ती स्वतंत्र आयुष्याची निवड आहे.

दुसऱ्या राज्याचं आणखी एक आहे. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीजी प्रवेशातलं अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, संस्थात्मक प्राधान्य मात्र काही प्रमाणात मान्य ठेवलं. म्हणजे पुढे राज्य कोट्यातून पीजी करताना तुम्ही एमबीबीएस कुठून केलं याला वजन आहे. थोडं वरचं नाव मिळतंय म्हणून राज्याबाहेर जाताना हे लक्षात घ्या.

भाषेचाही विचार करा. आजी "छातीत कळ येत नाही, नुसतं पाणी पाणी होतंय" म्हणते, किंवा एखादी बाई खाली मान घालून "अंगावरून जातंय" एवढंच सांगते, तेव्हा ते शब्द तुम्हाला आपोआप कळतात. तमिळ किंवा तेलुगूत तेवढी पकड यायला दोन वर्षं जातात. मुलं शिकतात, चांगली शिकतात, पण ती मेहनत धरून चला.

7. पसंतीक्रम भरताना

खऱ्या आवडीच्या क्रमाने भरा. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जातं, हा गैरसमज आहे. तुमच्या रँकची पाळी आली की यादी वरून खाली वाचली जाते आणि जे पहिलं उपलब्ध असेल ते मिळतं. त्यामुळे वर मोकळेपणाने टाका, पण जिथे जायचंच नाही असं एकही कॉलेज खाली भरतीला टाकू नका.

नाव नव्हे, कॉलेज कोड तपासा. नागपुरात दोन सरकारी कॉलेजं आहेत. डी. वाय. पाटील नावाची कॉलेजं पिंपरी, नवी मुंबई, कोल्हापूर अशी वेगवेगळी आहेत. शेवटच्या तासाला सर्व्हर जड होतो, आदल्या रात्री लॉक करून पीडीएफ उतरवून घ्या.

8. सीट लागल्यावर: थांबायचं की पुढे जायचं?

एमसीसीत पहिल्या फेरीची सीट सोडली तर नुकसान नाही. दुसऱ्या फेरीपासून अनामत जप्त होते. ती सरकारी जागांसाठी खुल्या प्रवर्गाला 10 हजार आणि अभिमतसाठी 2 लाख रुपये असते, म्हणजे अभिमतची नोंदणी सहज म्हणून करू नये. तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की राजीनामा नाही. शेवटच्या स्ट्रे (उरलेल्या जागांच्या) फेरीत लागलेली सीट सोडली तर पुढच्या वर्षीच्या नीटला बंदी येते.

प्रवेश घेताना पुढच्या फेरीत वरचं कॉलेज हवं का असं विचारतात. हो म्हटलं आणि वरचं लागलं, तर आधीची सीट आपोआप जाते. परत मागता येत नाही. राज्याच्या प्रक्रियेत मिळालेल्या सीटवर समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरायचा. तो भरला की पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या. घरातला कुणी घाबरून "भरून टाक, हातची जायला नको" म्हणाला म्हणून तो भरू नका, आणि मित्र थांबलाय म्हणून टाळूही नका. क्रम तुम्हीच लावला होता, वरची कॉलेजं आजही तेवढीच हवी आहेत का, एवढंच बघा.

केंद्राची सीट सोडून राज्याची घेताना राजीनामा कॉलेजकडून ऑनलाइन प्रणालीतच नोंदवून घ्या आणि तिथून निघालेलं पत्र हातात घ्या. साध्या कागदावर अर्ज देऊन, शिक्का मारून निघून आलात तर तो राजीनामा धरला जात नाही.

9. कागदपत्रं

- नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक
- दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला, मूळ
- राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र
- आधार कार्ड, नोंदणीत वापरलेलाच फोटो, भरपूर प्रती
- ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र
- जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस दाखला, जे लागू असेल ते
- उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीसाठी
- मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र

दोन गोष्टी नेहमी अडतात. ओबीसीचा राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या प्रक्रियेत चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. एसईबीसी हा प्रवर्ग तर फक्त राज्यात आहे. आणि जात वैधतेचा अर्ज अकरावीतच करा. समितीकडे फाइल अडकली की रँक असूनही आरक्षित जागेवर हक्क सांगता येत नाही.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेज सगळे मूळ कागद ठेवून घेतं. त्याआधी प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, साक्षांकित प्रतींचे तीन संच बनवा आणि जमा केलेल्या कागदांच्या यादीवर क्लार्कची सही-शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढच्या फेरीत कॉलेज बदललं तर हीच पोच दाखवून कागद परत घ्यायचे असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, हॉस्टेलचा फॉर्म आणि रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र त्याच आठवड्यात भरून टाका.